दारात थांबलेली सोंगटी

पुण्याच्या कंपनीची अट साधी होती. खेळ कधीच न पाहिलेल्या दोघांनी नुसता नियमांचा कागद वाचून तो खेळायचा, आणि ज्याने तो बनवला त्याने तोंड उघडायचं नाही. डाव नीट संपला तर माझा खेळ दुकानांत जाणार. कॉलेजपासूनचं स्वप्न, मध्ये लग्न, मग हिमानी.

म्हणून दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि शेजारची चारुशीला पटाशी बसल्या. मी कोपऱ्यात, हिमानीला मांडीत आवळून. सोंगट्या मुद्दाम मोठ्या केल्यात, तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढ्या. तरी माझी नजर तिच्या हातावरच.

प्रत्येकीच्या दोन सोंगट्या. एक कारखान्यांच्या बुटीबोरीहून निघते, एक दुसऱ्या टोकाच्या मौद्याहून. मधोमध घर. जिची एक सोंगटी आधी घरात, ती जिंकली.

आईंची मौद्याची सोंगटी घराच्या दारात पोचली. आत जायला फाशावर एक हवा होता, एकच पडला. आईंनी ती हलवलीच नाही. बुटीबोरीची उचलली आणि एक चौकोन पुढे ठेवली.

"अहो काकू, आत जा ना! जिंकून राहिल्या तुम्ही!"

"जाईन ना. याले येऊ दे आधी."

"कोणाले?"

"हा बुटीबोरीवाला. दिवसभर राबून येऊन राहिला बिचारा, अन् मी एकटीच आत जाऊन बसू?"

"लाकडाची आहे काकू ती!"

"तुही सोंगटी असन लाकडाची."

चारुशीला खूप हसली. पण थोड्या वेळाने तिचीही सोंगटी दारात आली आणि तीही आत जाईना. "आता मी गेली तर तुम्ही गल्लीभर सांगसान, चारूनं नवऱ्याले रस्त्यात सोडलं म्हणून."

मागच्या दोन सोंगट्या वाटेत एकमेकींना कापून पुन्हा बुटीबोरीला पाठवत होत्या. शर्यत उरलीच नव्हती. मला ओरडायचं होतं, अहो, कागद वाचा! ओठ दाबून बसले.

माझा नवरा जितेंद्र छत्तीसगडला एका प्लांटवर असतो. आज येणार होता. सकाळी फोन आला, सुट्टी मिळाली नाही, पुढच्या आठवड्यात बघू. आई तेव्हा वड्यांसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. एकेक काडी निवडत राहिल्या.

हिमानी रडायला लागली तशी चारुशीला उठली. "काकू, जिंकलं कोण मग?"

"कोणाचं माणूस घरी आलं अजून?"

संध्याकाळी मी कंपनीकडे मुदत मागितली आणि जिंकण्याचा नियम खोडला. दोन्ही सोंगट्या घरात आल्या की डाव संपला, असं लिहिलं. पण पुढे लगेच प्रश्न येणारच.

"आई, दारातली सोंगटी किती वेळ थांबू शकते?"

"थांबन ना. तिले कोणती घाई हाय?"

त्या पोळ्या लाटायला गेल्या. मी पेन धरून बसले. नियमात लिहायला मला आकडा हवा होता.