कल्हई गेलेला प्याला

मी जुना आहे, पितळेचा आहे आणि रागीट आहे. मित्रांनो, प्याल्यालाही राग येतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. प्याल्याला विचारतो कोण?

मी प्रार्थनाघरात राहतो, टेबलावर, पांढऱ्या कापडाखाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी माझ्यात द्राक्षांचा रस असतो आणि मी बाकांवरून हातोहात फिरतो. देणारा म्हणतो, "तुझ्यासाठी." घेणारा म्हणतो, "माझ्यासाठी," आणि एक घोट घेतो. सगळं तारण या दोन शब्दांत आलं, असं पाळकबाबा सांगतात. प्रभूने जीव दिला तो तुझ्यासाठी. हात पुढे करून घेतलास तर तो तुझा. इतकं सोपं. पण सोपं ते अवघड करण्यात माणसांचा हात कुणी धरणार नाही. पिण्याआधी प्रत्येक जण मला हळूच बोटभर फिरवतो. शेजाऱ्याचे ओठ टेकले तिथे आपले नकोत. प्याला एक हवा, पण उष्टं कुणाचं नको!

मला एका म्हाताऱ्या तांबटाने घडवलं. त्याची थोरली मुलगी भाता ओढायची आणि धाकटा मुलगा कापसाचा बोळा घेऊन शेजारी बसायचा. पितळेला आंबट सोसत नाही. आत कथलाचा थर नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे हिरवट, कडू होतो आणि पोटात मळमळतं. म्हणून म्हातारा दर वर्षी मला कल्हई करायचा. भट्टीवर लालबुंद तापवायचा, आत नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा, आणि मुलगा बोळ्याने ती वितळलेली चांदी माझ्या पोटभर पसरवायचा. मी बोंब मारली असती, पण तोंडात कथील होतं.

"भांड्याला स्वतःची कल्हई स्वतः करता येत नाही," म्हातारा म्हणायचा. "त्याने आगीत गप्प बसायचं. बाकीचं काम दुसऱ्याचं."

म्हातारा गेला. दुकान धाकट्याकडे आलं आणि धाकटा दारूकडे गेला. एका दुपारी तो भट्टी न विझवताच प्यायला निघून गेला. शेजारची पोती पेटली. आतल्या खोलीत त्याचे दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा, तापाने झोपले होते. ते बाहेर आलेच नाहीत. धाकट्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्याच्या बहिणीने, सगळे जिला आक्का म्हणतात तिने, त्याच्याकडे पाठ केली ती केलीच.

त्या आठ वर्षांत माझ्या आत कुणी डोकावलं नाही. बाहेरून मात्र माझी चैन होती. मंडळीतले एक पुढारी माझ्यामागे हात धुऊन लागले होते. दर शनिवारी लिंबू आणि राख घेऊन मला घासत बसायचे आणि माझ्यात स्वतःच्या मिशा बघायचे. म्हणून पोरांनी त्यांचं नाव लखलखकाका पाडलं. मला वाटे, अहो, एकदा बोट आत घाला. कथील कधीच झिजलं होतं आणि मी उघडा पडलो होतो. पण बाहेरून लखलखणाऱ्याची चौकशी कोण करतं?

धाकटा सुटून आला. एव्हाना त्याचे केस पिकले होते. पाळकबाबांनी त्याला शेवटच्या बाकावर, अगदी शेवटची जागा दिली. तळाशी उरेल ते त्याने प्यायचं आणि मला टेबलावर परत ठेवायचं. पहिल्या खेपेला शेजारच्या शिंप्याने मला त्याच्या हातात दिलं. "तुझ्यासाठी." धाकट्याने घोट घेतला, पण "माझ्यासाठी" हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तसाच मला ठेवून तो बाहेर गेला. मला त्याचे ओठ ओळखीचे वाटले. लहानपणी तो मला फुंकर मारून थंड करायचा.

त्याच सुमारास लखलखकाकांना व्यवस्थेचा झटका आला. रविवारी घाई नको म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळीच रस माझ्यात ओतून ठेवायला सुरुवात केली. रात्रभर आंबट रस आणि उघडं पितळ. पुढच्या प्रभुभोजनानंतर निम्मी मंडळी पोट धरून घरी गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

झालं. प्रार्थना संपल्यावर काका उभे राहिले. "हा आला आणि हे सुरू झालं. त्याला वेगळा ग्लास असू दे. स्टीलचा. घरून आणेल."

"अहो, प्रभूचं टेबल आहे ते. चहाचं दुकान आहे का?" पाळकबाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. तुमची जबाबदारी आहे, पाळकबाबा. उद्या कुणाला काही झालं तर?"

पाळकबाबा गप्प बसले. चांगली माणसं नेमकी अशाच वेळी गप्प बसतात. मी टेबलावर जळत होतो, भट्टीशिवाय.

आणि धाकटा काय म्हणाला? "काका बरोबर बोलतात. मलाही कडू लागलं. माझ्याच तोंडाची चव आहे ती. ती माझ्याबरोबरच जाणार."

तांबटाचा मुलगा हा! कळकलेल्याची चव अंगाईसारखी पाठ असलेला. पण स्वतःला इतका नासका समजत होता की स्वतःच्या जिभेवरही त्याचा विश्वास उरला नव्हता.

तेव्हा बायकांच्या बाकांवरून आक्का उठली. आठ वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"तांबटाचाच ना रे तू? दुकानात नागडा रांगत होतास तेव्हापासून कळकलेलं ओळखतोस. पापाला चव नसते, गाढवा. पितळेला असते." तिने मला उचललं आणि काकांच्या नाकाखाली धरलं. "बघा आत. कल्हई कुठे आहे?"

"पण चमकतोय की," काका म्हणाले.

"तुमच्या मिशांसाठी चमकतोय."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. काका म्हणाले, "आता कल्हईवाले उरलेत कुठे? नवा प्याला आणू."

"उरलाय एक," आक्का म्हणाली. "हा करेल."

धाकट्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मी भट्टी पेटवत नाही, आक्का."

"ठाऊक आहे. का ते तुझ्याआधी मला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगणात त्याने खड्डा खणून कोळसे रचले. पहिली काडी विझली. दुसरी विझली. तिसरी हातातून गळून पडली. आक्का बापाचा जुना भाता घेऊन समोर बसली.

"पेटव."

"आक्का, दाजी..."

"त्यांचं नाव आगीसमोर काढू नकोस. पेटव."

पेटली. मी त्या आगीत बसलो तेव्हा माझ्यातली आठ वर्षांची हिरवट घाण तडतडत निघाली. सुख वाटलं म्हणेन तर खोटं बोलेन. पण माझ्या अंगावर कथील पसरू लागलं आणि मला म्हाताऱ्याचं बोलणं कळलं. मी काही कमावलं नव्हतं. मी फक्त तिथे होतो, आणि कुणीतरी मला पुन्हा पिण्याजोगं करत होतं. धाकट्याचा बोळा फिरता फिरता थांबला. तो माझ्या आत बघत राहिला, फार वेळ. बहुधा त्यालाही तेच कळलं.

काम झालं. आक्काने दोन बादल्या पाणी निखाऱ्यांवर ओतलं. "विझली का बघ. हात घालून बघ."

त्याने राखेत कोपरापर्यंत हात घातला. "विझली." मग खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी बघितली नव्हती."

"माहीत आहे."

"मला माफ केलंस?"

"मी भाता ओढला," आक्का म्हणाली. "आज एवढंच जमलं."

पुढच्या पहिल्या रविवारी पाळकबाबांनी रस सकाळी, स्वतःच्या हाताने ओतला. मी फिरत फिरत शेवटच्या बाकाशी आलो. पाहतो तर आक्का आपली नेहमीची जागा सोडून धाकट्याच्या पलीकडे येऊन बसलेली. शेवटची जागा आता तिची होती.

शिंपी म्हणाला, "तुझ्यासाठी."

धाकट्याने मला दोन्ही हातांनी धरलं. सगळ्या माना मागे वळल्या होत्या. काकांची सर्वांत आधी.  तो म्हणाला, "माझ्यासाठी." आणि प्यायला. त्याने मला आक्काकडे केलं. "तुझ्यासाठी."

आक्काने मला घेतलं. मी वाट बघत होतो की आता ती मला बोटभर फिरवेल. तिने नाही फिरवलं. "माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि जिथे त्याचे ओठ टेकले होते तिथेच तिने आपले टेकवले. मग तोंड पुसून त्याला म्हणाली, "चव बरी आहे आता."

मित्रांनो, कल्हई झिजते. माझी आत्ताही झिजते आहे, या क्षणी, आणि म्हणून मला स्वस्थता नाही. काका परवाच लिंबू घेऊन आले होते. तुम्ही कधी आलात तर मला घासू नका. माझ्या आत बोट घाला, आणि हिरवट लागलं तर शेवटच्या बाकावरच्या माणसाला हाक मारा.