वेल खिडकीला लागला की

गुडघ्याएवढा

वेल अजून गुडघ्याएवढाच आहे, म्हणून गोष्टही खालूनच सुरू करावी लागेल.

खाली माती. मातीत बोटाएवढ्या जाड मुळ्यांचे तीन तुकडे, लेकीनं घर सोडून जायच्या आधी मागच्या अंगणात पुरलेले. हॉप्सचा वेल. बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो याच्या हिरव्या बोंडांमुळे, असं तिनं आईबापाला समजावलं होतं. कडूच खायचं तर कारलं काय वाईट, असं बाप म्हणाला होता. लेकीला दूरच्या शहरात बिअर बनवण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती. सामान भरून झाल्यावर ती वरच्या खोलीच्या खिडकीतून वाकली आणि खाली उभ्या बापाला म्हणाली, "बाबा, हा वेल माझ्या खिडकीला लागला की मी येते. पहिलं पिंप इथंच भरायचं."

गमतीनं म्हणाली असेल. पण बाप आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला माणूस. एखादी गोष्ट वरच्या मजल्याला लागली की दार उघडतं, यावर त्याचा विश्वास होता.

कमरेएवढा

पहिल्या वर्षी एवढाच झाला आणि थंडीत वाळून गेला. बापाला वाटलं, मेला. लेकीनं फोनवर सांगितलं की मेला नाही, तो पहिलं वर्ष मुळांत घालवतो. दुसऱ्या वर्षी दारापर्यंत गेला आणि आधाराला लावलेल्या काठ्या त्यानं स्वतःच्या वजनानं आडव्या केल्या.

त्या दोन वर्षांत लेक आली नाही. आधी सुट्टी नव्हती, मग तिकिटं मिळाली नाहीत, मग आईनं कारण विचारणं सोडून दिलं. बापाची तक्रार नव्हती. वेल लागलाच कुठं होता?

तिसऱ्या वर्षी तो निवृत्त झाला आणि त्यानं मांडव घातला.

मांडव म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण गल्लीत तसा दुसरा नव्हता. घराच्या उंचीहून वर जाणारा लोखंडी पाईप. त्याच्या टोकाला कप्पी. कप्पीवरून गेलेल्या तारेच्या एका टोकाला आडवी दांडी, आणि त्या दांडीवरून काथ्याचे तीन दोर जमिनीतल्या तीन खुंट्यांपर्यंत आलेले. वेलाला दोर खरखरीत लागतो, नाहीतर तो धरत नाही. तारेचं दुसरं टोक पाईपच्या मागं उतरलेलं, आणि त्याला एक लांब, जड साखळी. ती गंजू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात सोडलेली.

लिफ्टच्या पोटाखाली अशीच साखळी लोंबत असते, तिनं तोल राहतो, असं त्यानं आईला सांगितलं. दांडी खाली आली की साखळी डब्यातून तेवढी वर उचलली जाणार, दोन्हीकडचं वजन सारखं. फुलं खुडायची वेळ आली की शिडी नको, गुडघ्यांना त्रास नको. एका बोटानं अख्खा वेल खाली.

शेजारची शिंपीण कुंपणावरून बघत होती. तिनं विचारलं की मांडव एवढा मोठा घातलाय, तर वऱ्हाड कधी येणार? मग म्हणाली, हे सगळं करण्यापेक्षा खाली तारेला एक गाठ मारून टाकायची ना.

बापाला राग आला. गाठ म्हणजे अडकलेली लिफ्ट. आयुष्य अडकलेल्या लिफ्टी मोकळ्या करण्यात गेलं होतं. दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात उभी असलेली माणसं त्यानं हात धरून बाहेर काढली होती. स्वतःच्या अंगणात तो काही बांधून ठेवणार नव्हता.

छातीएवढा

आता वेल मांडवावर आहे. लेक सुट्टीच्या दिवशी फोन करते, तोंड दिसतं असा. बाप फोन घेऊन अंगणात जातो आणि आधी स्वतःचं तोंड न दाखवता वेलाचं टोक दाखवतो. ती सांगते की डावीकडून उजवीकडे वळवा, घड्याळाच्या काट्यासारखा, उलटा वळवला तर तो रुसतो. आणि आईला सांगते की बुंध्याजवळची पानं काढत जा, वारा लागला पाहिजे. आईनं बुंध्याजवळ पुदिना लावलाय, तो मांडीएवढा माजलाय.

अशी वाटणी झाली. बाप वरचं बघतो, आई खालचं. बापाची नजर तशीही वरच असते. लिफ्टचा माणूस आधी वर बघतो.

दाराच्या वरच्या पट्टीला

एका आठवड्यात तिथवर. बापानं रात्रीच्या जेवणाला सांगितलं की हा वेग राहिला तर उन्हाळा सरायच्या आत खिडकी. वरची खोली झाडून घेतली पाहिजे. आईनं नुसती मान हलवली. त्यानं स्वतःच झाडली. खिडकीचा कडीकोयंडा अडकत होता, त्याला तेल दिलं. लेकीच्या पलंगावर ठेवलेल्या ट्रंका उतरवल्या. आणि मग वेल

दाराच्या वरच्या पट्टीला

थांबला.

अजून पट्टीलाच

घोडं कुठं पेंड खातंय, कळेना. पानं तजेलदार, रोग नाही, कीड नाही. बाप सकाळी बघायचा, संध्याकाळी बघायचा. दुपारी जेवण टाकून बघायचा. रोपवाटिकेतल्या माणसानं खत घाला म्हटलं, तर यानं दुप्पट घातलं. वेल दाट झाला, पानं पंजाएवढी झाली, दांडी त्या पाल्यात दिसेनाशी झाली. टोक मात्र पट्टीवरच. शिंपीण म्हणाली, नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा. ती बरोबर बोलत होती, पण तिलाही ते माहीत नव्हतं.

लेक फोनवर विचारायची, कुठवर आला? विचारताना तिचा आवाज थोडा आखडायचा. बाप म्हणायचा, येतोय, येतोय. जणू वेलच कुठून तरी प्रवासाला निघाला होता.

एकदा आईनं त्याला बघितलं. वरच्या खिडकीतून तो कमरेपर्यंत बाहेर वाकला होता आणि हात खाली सोडून बोटं हलवत होता. वेलाचं टोक त्याच्या हातापासून पुरुषभर खाली होतं.

"चढ की रे," तो म्हणत होता.

मुळाशी

इथं आईचं ऐकावं लागेल.

सकाळी पानं काढायला ती खाली बसली, तर दोर सैल. दवानं सैल झाला असेल, म्हणून तिनं तो खुंटीला एक वेढा दिला. वेलासकट, जपून, खोड मुडपू न देता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल. पुन्हा वेढा. तिला नीटनेटकं लागतं, कपड्यांची दोरीसुद्धा झोल दिलेली तिला चालत नाही. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की वेढे बरेच झालेत. वेल वर जात नव्हता असं नाही. तो जेवढा वर जात होता तेवढी दांडी त्याच्या भारानं खाली येत होती, आणि उरलेला वेल ती पुदिन्यात गुंडाळून ठेवत होती. तोल नवऱ्यानं इतका अचूक साधला होता की नव्या पानाचंही ओझं साखळीला कळत होतं.

हे सांगायला ती हात पुसत दारापर्यंत गेली. तिथं फोन वाजला. लेकीचा, आणि तोही सुट्टीचा दिवस नसताना.

लेकीनं सांगितलं की नोकरी कायमची झालीय. घर घेतलंय, कारखान्यातल्याच एका माणसाबरोबर राहते, तो चांगला आहे. या वर्षी येणं नाही. राहायला म्हणून तर आता कधीच नाही. बाबांना तू सांगू नकोस, असंही म्हणाली. मला तोंड नाही गं आई, पण मीच सांगेन. वेल खिडकीला लागला की ते विचारतीलच, तेव्हा सांगेन.

आईनं फोन ठेवला आणि पुन्हा खाली जाऊन बसली. दोर सैल होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं वेढा दिला.

त्यानंतर रोज दिला.

पट्टीलाच

बोंडं धरली. कागदासारख्या पाकळ्यांची, एकावर एक. चोळली की बोटांना पिवळी भुकटी लागते. लेकीनं सांगितलं होतं की अशी भुकटी लागली की खुडायची वेळ झाली. मग वेलाचं वर्ष संपलं.

त्या दुपारी वारा सुटला. बाप पायरीवर बसला होता. पत्र्याच्या डब्यातून आवाज आला, बारीक, थांबून थांबून, किणकिण.

ढीग होऊन पडलेली साखळी वाजत नाही. अधांतरी लोंबणारी वाजते. हे कळायला त्याला विचार करावा लागला नाही.

त्यानं झाकण काढलं. साखळी जवळजवळ सगळी हवेत होती, शेवटची कडी तेवढी पत्र्याला आपटत होती. त्यानं वर पाहिलं, पाल्यातून दांडी शोधली. मग गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसला आणि पुदिना बाजूला केला.

तीन खुंट्यांना तीन गुंडाळे. लोकरीच्या लडीसारखे, एकसारखे, वेलाला कुठं साधा ओरखडाही नाही. हा हात कोणाचा, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं नुसत्या नजरेनं लांबी मोजली. खिडकी तर झालीच, वर कौलं चढून पलीकडे उतरला असता.

आई नळाशी उभी होती.

"मोडू दिला नाहीस कुठं," तो म्हणाला.

"जपून गुंडाळलाय."

मग तिनंच सांगितलं. नोकरीचं, घराचं, त्या माणसाचं. वेल लागला की लेक स्वतः सांगणार होती हेही.

बापानं एक गुंडाळा हातात घेतला. आता सोडला, साखळीला थोडं वजन बांधलं, की उद्या सकाळी टोक खिडकीत. लेकीला फोन करायचा, दाखवायचं, आणि मग ती बोलेल ते ऐकायचं. आई त्याच्या हाताकडे बघत होती.

"अगं, अडकलीय ती," तो शेवटी म्हणाला. "आपणच तिला मध्ये धरून ठेवलंय."

जमिनीवर

त्यानं तीनही गुंडाळे सोडले आणि दांडी खाली ओढली. खरंच एका बोटानं आली. वेल अंगणात पसरला, नळापासून फाटकापर्यंत, आणि वळून पुन्हा निम्म्यापर्यंत. दोघं दोन बाजूंना बसून खुडायला लागली. हात चिकट झाले, मनगटांवर खरचटलं.

लेकीचा फोन आला तेव्हा त्यानं तो पायरीवर विटेला टेकवून ठेवला. तिनं कुठवर आला असं विचारायच्या आतच म्हणाला, "या वर्षी काही लागला नाही बघ खिडकीला."

ती हॉप्सच्या पोत्यांत दिवस काढणारी मुलगी. तिनं फोन जरा फिरवायला सांगितला. आईनं फिरवला.

"बाबा, मग हा एवढा कुठं ठेवला होतात?"

"खालीच होता. तुझ्या आईनं सांभाळला." त्यानं एक बोंड खुडून टोपलीत टाकलं. "ते खिडकीचं सोडून दे आता. तुला जमेल तेव्हा ये. नाही जमलं तर राहिलं."

मग ती सगळं बोलली, एका दमात, जे आईला आधी सांगितलं होतं ते. बाप खुडत खुडत हं, हं करत राहिला. त्या माणसाला हातानं काही करता येतं का, एवढंच त्यानं विचारलं. ती म्हणाली, खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही. आई हसली. लेकीनं नाक पुसलं.

फोन कोणी ठेवला नाही. ती सांगत होती, सावलीत वाळवा, पातळ पसरा, दिवसातून एकदा खालीवर करा. सांगण्यासारखं संपलं तरी ती बघत बसली. ऊन भिंतीवरून वर सरकलं.

"वास कसा आहे, बाबा?"

त्यानं बोंड नाकाशी नेलं.

"कडू."

"कडू चव असते. वास सांगा."

त्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, तुम्हाला विचारलंय. त्यानं पुन्हा वास घेतला आणि म्हणाला की ओल्या गवतासारखा आहे, पण गवतासारखा नाही. थोडा लिंबाच्या सालीचा. आणि मागून काहीतरी येतंय, घर बरेच दिवस बंद ठेवून उघडलं की येतो ना, तसं काहीतरी. नाही, तेही नाही.

"नीट सांगा ना," पलीकडून लेक म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते. "मला इथं कळत नाही."

बापानं ते बोंड टाकलं, टोपलीतून दुसरं घेतलं, तळहातांत चोळलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.