हातावरचा हात

"हात सैल सोड, ठिपके. मी आहे ना."

बाबांचे हे शब्द ठिपकीने पहिल्यांदा ऐकले, तेव्हा खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. इवल्याशा मुठीत ब्रश, मुठीवर बाबांची रंगाने खरबरीत झालेली मूठ, आणि पाटीवर सरसर उतरणारं अक्षर. जणू पाणीच उताराला लागलंय. अक्षर पुरं झालं की बाबा आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानाच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या लेकीनं काढलंय." लेकीलाही ते खरंच वाटायचं.

आता लेक डिझाइन कॉलेजात जात होती. पाय जमिनीला टेकले होते, पण मुठीवरची मूठ काही सुटली नव्हती.

बाजारात छापील फलक आले आणि बाबांच्या पाट्या मागे पडल्या. दुकान बंद झालं. ब्रश घरी आले, ब्रशांमागोमाग बाबाही. ठिपकीने कॉलेजातून काम आणलं, की त्यांच्या अंगात वारं शिरे. ती पेन्सिलीने चाचपडत काहीतरी काढायची. जेवून उठेपर्यंत बाबांनी खालच्या कच्च्या रेघा खोडरबराने साफ केलेल्या असत आणि वरून शाईची एकच चोख रेघ फिरवलेली असे. "खालची रेघ दिसली, की पेंटरची लाज गेली म्हणून समज," असं म्हणत ते हात धुवायला उठत. उठताना शीळ घालत. ती शीळ ऐकली, की ठिपकी कागद तसाच पिशवीत ठेवून देई. खिडकीशी बसून दिवसभर नखं न्याहाळणारा बाप तिने मध्ये काही महिने पाहिला होता. तो तिला पुन्हा नको होता.

म्हणून तिने गप्प राहणं पांघरून घेतलं. ते पांघरूण दर सत्राला अंगाशी जरा जास्त आवळत गेलं.

आज कॉलेजात बाईंनी सगळ्यांची चित्रं भिंतीवर टाचली होती. इतरांचे कागद मळलेले, रेघेवर रेघ, चुकीवर चूक. मधोमध तिचे, इस्त्रीच्या कपड्यांसारखे. बाई तिथे बराच वेळ थांबल्या.

"सुरेख आहे गं. पण तू अडखळलीस कुठे, ते मला दिसतच नाही. मला तेच बघायचं असतं." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. "घरी स्वतःचा हात काढ. नजर हातावर, कागदाकडे बघायचं नाही, खोडायचं नाही. तो कागद उद्या घेऊन ये, आणि तसाच हात माझ्यासमोर काढ."

"तुझं काय, तुला डोळे मिटूनही जमेल," शेजारची मैत्रीण कुजबुजली. ठिपकी हसली. भिंतीवरचे आपले कागद तिने घाईघाईने उतरवले.

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. समोर आई वाटाणे सोलत होती आणि सोलता सोलता आपल्याच नादात गुणगुणत होती,

बोट धरुनी चालले
लेकीचे पाऊल सानुले
बोट सुटता कळले
वाट कोणाची

ठिपकीने डावा हात टेबलावर ठेवला, नजर त्यावर रोवली. उजव्या हातातली पेन्सिल हलेना. तो हात कुणाची तरी वाट बघत होता.

किती वेळाने कोण जाणे, पेन्सिल अंगठ्याजवळून निघाली. करंगळी ओलांडून थांबली. तिने कागदाकडे पाहिलं. बोटं सुजलेली, अंगठा भलत्याच गावाला गेलेला, मनगट तर आलंच नव्हतं. पण करंगळीपाशी एक थरथरती रेघ होती. आजवर तिच्या कुठल्याच कागदावर अशी रेघ उरली नव्हती. ठिपकी तिच्याकडे बघतच राहिली.

"हा हात आहे की वांगं?" मागून बाबा.

"तुमचं नाक असेल ते," आई वर न बघता म्हणाली.

बाबा हसले. चष्मा चढवला, खुर्ची ओढली. इतरांच्या खिशात रुमाल असतो तसं त्यांच्या खिशात खोडरबर असायचं. ते बाहेर आलं.

"सरक जरा. मी आहे ना."

ठिपकीने कागदावर पंजा पालथा टाकला. पुसायला निघालेला बाबांचा हात तिच्या हातावर येऊन थांबला. तोच खरबरीतपणा, तीच ऊब. तिचा पंजा सवयीने सैल पडू लागला. तिने तो घट्ट दाबून धरला.

"हात काढा, बाबा."

आईचे वाटाणे थांबले. बाबांना आधी थट्टाच वाटली. "अगं, उद्या बाईंपुढे ठेवायचंय ना? असं नेलंस तर लाज जाईल."

"जाऊ दे. माझी जाईल, जाऊ दे." तिचा आवाज करंगळीपाशी थरथरलेल्या त्या रेघेसारखाच निघाला, पण मोडला नाही. "शाळेपासून जेवढी शाबासकी घरी आणली, ती सगळी तुमची होती, बाबा. मला रेघ येते की नाही, मला अजून माहीतच नाही."

बाबांनी तिच्या हातावरचा हात हळूच उचलला आणि खोडरबर परत खिशात ठेवलं.