चिनी काढ्याचे खडे

नारायण पेठेच्या घाटावर सकाळपासून रीघ लागली होती. महाचीनहून आलो म्हणणारा एक गोसावी पित्ताचे खडे पाडत होता, तेही सुरी न लावता!

"महाचीनच्या बादशहाचं पित्त याच काढ्यानं उतरलं!" तो गर्जे. "आधी कडू काढा, वर वाटीभर तेल नि लिंबाचा रस. सकाळी खडे हातात!"

आणि खडे पडत. हिरवे, गुळगुळीत, वाटाण्याएवढे. लोक ते धुऊन, फडक्यात बांधून गोसाव्याच्या पायांशी आणून ठेवत.

वैद्य यज्ञेश्वरांची धाकटी बहीण मुक्ता संक्रांतीपासून काविळीनं पिवळी पडली होती. बरगडीखाली कळ उठली की ती उशीचं टोक चावी. भावाच्या मात्रांनी गुण येईना, म्हणून तिचे यजमान आप्पासाहेब तिला घाटावर नेऊ लागले. खडे पडत गेले, मुक्ता वाळत गेली.

"आप्पासाहेब, एवढे खडे पडूनही कळ का थांबत नाही?" वैद्यांनी विचारलं.

"आपल्या औषधानं तरी कुठे थांबली?"

घरी येऊन वैद्यांनी काढ्याचा थेंबही न घेता नुसतं तेल आणि लिंबू पोटात ढकललं. दुसऱ्या दिवशी त्यांनाही तसेच हिरवे खडे पडले. ते घेऊन ते घाटावर गेले.

"मी धडधाकट आहे. काढा घेतलेला नाही. तरी हे पडले."

"पाहिलंत?" गोसावी हसला. "वैद्यबुवांच्याही पोटात खडे होते, आणि त्यांनाच पत्ता नव्हता!"

गर्दी खिदळली. वैद्यांनी शेजारच्या चुलीवरच्या तव्यात आपला एक खडा टाकला, मग गोसाव्याच्या पायांशी पडलेला मुक्ताचा एक. दोन्ही वितळून तेलाचा तवंग झाले.

"दगड असा वितळतो का? प्यायलेलं तेल पोटात साकळतं, पित्तानं हिरवं होतं आणि गोळ्या होऊन बाहेर पडतं. खरा खडा आत आहे तिथेच आहे."

गोसाव्यानं बोचकं उचललं. दोन दिवसांनी कळलं, तो वाघोलीला बसलाय, आणि रीघ तिथेही आहे.

आप्पासाहेबांनी वैद्यांचे हात धरले. "आता आपण खरं औषध द्या."

"माझ्याजवळ नाही."

मुक्तानं डोळे उघडले. "दादा, ते तेल आता प्यायचं नाही ना?"

"नाही, बाळ."

होळीआधीच ती गेली.

त्यानंतर यज्ञेश्वर भेटेल त्याला सांगत, "औषध नाही म्हणणारा वैद्य निष्ठुर वाटतो. पण जो कशालाच नाही म्हणत नाही, त्याला एकदा तरी विचारा, हे कशावरून?"

विचारणारे फार थोडे निघाले.