भिंतीपलीकडे सोडलेली ऊब

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. दूरदेशी, थंड डोंगराळ मुलुखातल्या बातकेन गावात राहणाऱ्या सागिनालीच्या घराला लागून लाकूडकामाची खोली आहे. तिथे प्लायवूडच्या एका पेटीत मी कोंडलेला असतो.

माझे पहिले दिवस मोकळे होते. बुरुलचाच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो आणि तिचे लोकरीचे जाड गालिचे साफ करू लागलो. शेजारणी म्हणत, "बुरुलचा, तुझ्या घरात पाय ठेवायची भीती वाटते बाई!" तेव्हा मी मनातून फुगून जाई. पुढे घरात नवा क्लीनर आला आणि मी तिच्या नवऱ्याकडे, सागिनालीकडे गेलो.

सागिनालीने जन्मभर बस चालवली होती. निवृत्तीनंतर तो जर्दाळूच्या लाकडाचे पाळणे करू लागला. त्याच्याकडे राउटर होते. इंटरनेटचे नव्हे हं! लाकडात खाचा आणि नक्षी कोरणारे, भन्नाट वेगाने फिरणारे यंत्र. ते चालू झाले की भुशाचा नुसता धुरळा उडे. म्हणून त्याने माझी नळी त्या यंत्राला बांधली.

माझी घरघर बुरुलचाला सहन होईना. "अहो म्हातारबा, हे भूत बंद करा, नाहीतर मी माहेरी जाते!"

"साठीत कुठलं माहेर गं?" तो हसला. पण त्याने आतून लोकर लावलेली पेटी केली आणि मला तिच्यात बसवले. झाकण बंद झाले. अंधार, उकाडा आणि माझाच आवाज.

माझ्या पाठीमागून गरम हवा बाहेर पडते. हिवाळा सुरू झाला होता, खिडक्यांच्या फटी कागद चिकटवून बुजवल्या होत्या. सागिनालीने पेटीला मागे भोक पाडले आणि एक नळकांडे भिंतीतून थेट बुरुलचा शिवायला बसायची त्या खोलीत सोडले. "ऊब वाया कशाला घालवायची?" तो म्हणाला. ती खूश झाली.

मित्रांनो, माझ्या पोटातली पिशवी कापडी होती, गालिच्यांसाठी शिवलेली. भुसा तिच्यात अडके. पण पिठाहून बारीक धूळ तिच्यातून आरपार जाई आणि उबेबरोबर भिंतीपलीकडे निघून जाई. इकडे जमीन लख्ख दिसे. सागिनाली पेटीवर थाप मारून म्हणे, "शाब्बास गड्या!" त्या शाब्बासकीने मला जास्तच कोंडल्यासारखे होई.

महिन्याभरात बुरुलचा खोकू लागली. भिंतीतून मला ते ऐकू येई. कोळशाच्या शेगडीचा धूर असेल म्हणून सागिनालीने धुराडे दोनदा झाडले, तिला मेंढीची चरबी घालून गरम दूध पाजले. आणि तिला थंडी बाधू नये म्हणून तो मला आणखी जास्त वेळ चालवू लागला. मी थांबू शकत नव्हतो. पिशवी तुंबली, माझा सूर चढला. लोकरीच्या पेटीतून त्याला तो आनंदाचा वाटला असेल.

मग शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी कानिशाय सुट्टीत आली. आईच्या खोलीत तिने आरशावरून बोट फिरवले आणि ते बोट नाचवत ती आमच्या खोलीत आली.

"बाबा, कोळशाची काजळी पिवळी कधीपासून झाली?"

सागिनालीने राउटर बंद केले. तिचे बोट पाहिले, मग हातातला पाळण्याचा दांडा पाहिला. रंग एकच होता. त्याने घाईघाईने पेटी उघडली आणि माझ्या पाठीवर तळहात धरला. हात पिवळा झाला. तो तिथेच जमिनीवर बसला.

दारात बुरुलचा उभी होती. "म्हणजे इतके दिवस मला हे पाठवत होतात होय?" ती हसायला गेली आणि खोकल्याने तिला भिंत धरावी लागली.

"मला वाटलं, ऊब जातेय," तो म्हणाला.

ते नळकांडे त्याने त्याच दिवशी उपटले आणि भोक बुजवले. हवेची नवी वाट घराच्या पाठीमागे, अंगणात काढली. राउटर आणि माझ्यामध्ये झाकणाचा डबा जोडला, त्यात भुसा गरगरत खाली बसतो. मला बारीक धूळ धरणारी दाट गाळणी बसवली. राउटरच्या पात्याभोवती आवरण लावले. आता तो तोंडाला मास्क बांधतो आणि अंगावरचे कपडे बाहेर झटकूनच घरात जातो.

वसंतात बुरुलचाचा खोकला कमी झाला, पण गेला नाही. चढावर ती अजून थांबते. तेव्हा सागिनालीही थांबतो आणि बुटाची नाडी बांधायचे सोंग करतो.

मी अजून पेटीतच आहे. माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. जमीन स्वच्छ दिसली म्हणून हवाही स्वच्छ आहे असे समजू नका. आमची पिशवी, गाळणी वेळेवर उघडून पाहा. आम्ही बाहेर टाकलेली हवा कोणाच्या छातीत जाते, ते एकदा तपासा. आम्हा यंत्रांना ओरडता येते, बोलता येत नाही.