तू डॉक्टर आहेस का?

मोखाड्यातल्या प्रशिक्षणाला सुमन सिस्टर आल्या त्या नाखुशीनेच. बावीस वर्षं आरोग्य उपकेंद्र सांभाळलेल्या बाईला आता नेतृत्व काय शिकवणार, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या हाताखालच्या आशाताई मात्र झाडून सगळ्या हजर होत्या, पोशेऱ्याची फागीही.

शिकवायला आलेल्या रुचिरा मॅडमनी प्रत्येकीला कोरी चिठ्ठी दिली. "काहीतरी चुकतंय हे कळत होतं, तरी तोंड उघडलं नाही, असा एक प्रसंग लिहा. नाव नको."

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. वयाने मोठ्या म्हणून पहिली सुमन सिस्टरांनी उचलली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतली.

"बाईचे पाय सुजले होते. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. मला धोका कळला होता. पण मागे फोन केला तर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, तू डॉक्टर आहेस का? म्हणून दोन दिवस फोन केला नाही. मूल पोटातच गेलं."

शेवटचे शब्द तोंडून कसे निघाले, त्यांनाच कळलं नाही. बैठकीत फागीला त्या हेच बोलल्या होत्या. बायका हसल्या होत्या, त्याही हसल्या होत्या. पुढे श्रावणात फागीच्या पाड्यावरच्या बाईचं निळं पडलेलं मूल त्यांनीच फडक्यात गुंडाळलं होतं. वर घरच्यांना झापलं होतं, "इतके दिवस झोपला होतात का?"

त्यांनी चष्मा काढला.

"ती सिस्टर मी आहे," त्या म्हणाल्या.

चहाच्या सुट्टीत त्या फागीजवळ गेल्या. "फागी, चिठ्ठी तुझी ना?"

फागीने कप खाली ठेवला. "नाय सिस्टर. ती दुसरीची कोणाची तरी. माझी अजून डब्यात हाय."

फागीच्या पाड्यावरचं मूल त्या विसरल्या नव्हत्या. चिठ्ठीतलं हे दुसरं कुठल्या घरातलं, ते त्यांना आठवेचना.

सुट्टी संपल्यावर त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. "मॅडम, उरलेल्या मीच वाचते."

"सिस्टर, एवढं मनाला लावून घेऊ नका."

"वाचू द्या."

सतरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या चारांमध्ये त्यांचं ते वाक्य होतं. त्यांनी एक शब्द गाळला नाही.

संध्याकाळी जीपवाल्याने त्यांच्यासाठी पुढची जागा राखली होती. त्या मागे आशाताईंमध्ये जाऊन बसल्या.