पहिली पोळी

इंदिरानगरच्या पोळी-भाजी केंद्रात बायका टिकत नव्हत्या. दिवाळीपासून चौघी सोडून गेल्या आणि आता सुवर्णानेही "सोमवारपासून येणार नाही" असं सांगून टाकलं होतं. ती गेली की केंद्राला कुलूपच, हे संचालिका प्रतिभाताईंना ठाऊक होतं.

प्रतिभाताईंचा सगळा भरवसा तुलनेवर. दुसऱ्यांचं पाहावं, आपलं सुधारावं. पुण्याचं एक मोठं केंद्र पाहून आल्यावर त्यांनी इथे गणवेश आणला, टोप्या आणल्या आणि कामाच्या वेळात खाणं बंद केलं. केंद्र उभं करणाऱ्या वत्सलाबाईंना शाल आणि नारळ दिला. नारळ दोन्ही अर्थांनी.

आता त्या सटाण्याला गेल्या. तिथल्या केंद्रातून म्हणे एकही बाई कधी सोडून गेली नव्हती.

ते केंद्र पाहून ताई जरा हिरमुसल्याच. वर पत्रे, ना गणवेश, ना टोप्या. नाव मोठं, लक्षण खोटं, दुसरं काय! मग त्यांनी पाहिलं, तव्यावरची पहिली पोळी उतरली आणि लाटणारीने ती गूळ-तूप लावून तिथेच खाल्ली. शेजारणीनेही तेच केलं. सगळ्यांचं खाऊन झालं, तेव्हा कुठे डब्यांच्या पोळ्या सुरू झाल्या.

"पहिली पोळी लाटणारीची," केंद्र चालवणाऱ्या धोंडाबाई म्हणाल्या. "घरचं सगळं आवरून बाया उपाशीच येत्यात."

"छान पद्धत आहे. कुणाकडून घेतली?"

धोंडाबाई हसल्या. "हाई ते तुमनंच शे, ताई! तुमचीच पद्धत! मी इंदिरानगरला शिकायला आलते ना, तवा वत्सलाबाईंनी माझ्या हातावर पहिली पोळी ठेवलती."

प्रतिभाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पद्धत त्यांनीच मोडीत काढली होती, तीही पुण्यात नाही म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

चूक कळल्यावर स्वस्थ बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाच्या तव्यावरची पहिली पोळी उतरताच त्यांनी ती उचलली, तूप लावलं, फडक्यात गुंडाळली आणि दोन गल्ल्या ओलांडून वत्सलाबाईंचं घर गाठलं. सुवर्णाने जाणाऱ्या पोळीकडे एकदा पाहिलं आणि दुसरी लाटायला घेतली.

"वत्सलाबाई, चुकलं माझं," प्रतिभाताई म्हणाल्या. "ही आजची पहिली पोळी. तुमच्या मानाची."

वत्सलाबाईंनी फडकं सोडलं, पोळीची कड बोटांनी चाचपली. "छान पातळ आहे. लाटली कुणी?"

"सुवर्णानं."

"तिनं खाल्लं का काही?"



वत्सलाबाईंनी पोळी होती तशी फडक्यात बांधली आणि प्रतिभाताईंच्या हातात दिली.

"जा, गार व्हायच्या आत पोचव."